ती हसली तर काम नापास

१

मी बोलण्यातला माणूस. लिहिणं हा माझा प्रांत नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर मास्तरांचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पण वेळच अशी आलीय की बोलून भागेना, म्हणून हा कागद. बोलून का भागेना, ते ओघात येईलच. घाई करू नका, घाई करायला मी आहे.

धंदा माझा गाड्यांना आतून अस्तर लावायचा. ऊन आत शिरू नये, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. गाडी म्हणजे शेवटी काय, चाकं लावलेला रंगीत डबा. लोक हौसेने डबा घेतात आणि मग माझ्याकडे येऊन तक्रार करतात की आत बसलं की डब्यात बसल्यासारखं वाटतं. मग मी सीटा काढतो, दरवाजांची आतली कव्हरं काढतो, छताचं कापड उतरवतो, पत्रा पुसून लख्ख करतो आणि त्यावर शीट बसवतो. शीटच्या एका अंगाला काळा चिकटा, दुसऱ्या अंगाला चंदेरी कागद. हीट गनने ऊब द्यायची, रोलर फिरवायचा, हवेचा एक फुगा आत राहता कामा नये. वरून फोम. आधी पत्र्यावर बोटाचं पेर मारलं की वाजतं टण्ण. नंतर वाजतं ठप. माझं सगळं आयुष्य टण्ण आणि ठप यांच्या मधे गेलं.

काम झालं की परीक्षा. बाकीचे दुकानदार त्यासाठी आवाज मोजायचं यंत्र ठेवतात. मी बायको ठेवली.

ती गाडीत बसायची, काचा वर, दरवाजे बंद. मी गाडीभोवती फिरत मोठ्याने विनोद सांगायचो. गिऱ्हाइकाच्या टकलावर, त्याच्या सासूवर. गिऱ्हाईक शेजारीच उभं असलं तर माझ्या सासूवर. ती हसली तर काम नापास: आवाज कुठूनतरी आत जातोय, उचकट आणि पुन्हा लाव. ती दगडासारखी बसून राहिली आणि काचेआडून अंगठा वर केला, तर पास. लग्न झाल्यापासूनची ही पद्धत. यंत्र बिघडू शकतं. हसू दाबणं मात्र आमच्या हिला कधी जमलं नाही.

आता यातली गंमत बघा. बायको हसली की माझं नाक कापलं जाणार आणि नाही हसली की माझी वाहवा. मी कामात इतका तरबेज होत गेलो की दुकानातून तिचं हसू हळूहळू बंदच झालं. आणि घरात माझे सगळे विनोद तिला पाठ.

त्यातला हुकमी विनोद चोराचा. एका माणसाने गाडीला असं फक्कड अस्तर लावून घेतलं, की तो मागच्या सीटवर झोपला असताना चोराने गाडी पळवली आणि पळवताना दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी चोर गाडी घेऊन परत दारात हजर. आणि म्हणतो...

इथे मलाच हसू फुटतं. दर वेळी. पुढचं वाक्य मी खिदळत सांगतो आणि ते कुणाच्या बापाला कळत नाही.

२

दिव्याखाली अंधार म्हणतात तशी आमची स्वतःची गाडी उघडीबोडकी होती. दुसऱ्याने वापरलेली, जुनी, पण इमानी. तिच्यातून आम्ही मुलीकडे जायचो. एकदा परत येताना ही म्हणाली, या गाडीत इंजिन बोलतं नाहीतर तुम्ही बोलता, माझी पाळी कधी येतच नाही.

मी म्हटलं, चल, इंजिनाचं तोंड बंद करतो.

ती म्हणाली, निम्मं काम होईल.

घरचं काम म्हणून मी जीव ओतला. आमच्याकडे पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड आणि शेडसमोर स्वयंपाकघराची खिडकी. त्या शेडमध्ये मी गाडी पार सोलून काढली. गिऱ्हाइकाच्या गाडीत वायरीबियरींपाशी थोडा पत्रा मोकळा सोडतो आम्ही, सगळेच सोडतात. इथे बोटभरही सोडला नाही. दरवाजा लावला की कानात दडा बसायचा, असं काम.

मग ही पुढच्या सीटवर जाऊन बसली, पदराने घाम टिपला आणि मला मानेने खूण केली. मी चोराची गोष्ट सुरू केली. चोर अजून गाडीपाशी पोचायचा होता, तोच ती हसली.

नापास. मी दरवाजा उचकटला, नवी शीट बसवली. पुन्हा हसली. छत उतरवलं, पुन्हा लावलं. पुन्हा हसली, तोंडावर हात धरून, खांदे हलवत, जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायची तशी.

बाहेर आल्यावर मी विचारलं, आवाज कुठून येतोय ते दाखव. ती म्हणाली, कुठूनच नाही, तुमचं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग हसलीस का? तर माझ्याकडे बघत म्हणाली, "हसले?"

३

मी जन्माचा टवाळ. मला शेंडी लावायला निघालीस काय, म्हटलं, थांब. पुढच्या खेपेला मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही.

ती हसली.

ठीक आहे, माझं थोबाडच तसं आहे, बघूनही माणूस हसतो. म्हणून त्यापुढच्या खेपेला मी डिकीच्या मागे उकिडवा बसलो, तोंड मिटून, तिला दिसणारच नाही असा. बाजूच्या आरशातून मात्र मला ती दिसत होती.

ती हसत होती. पण सलग नाही. आठवून हसणारा माणूस वेगळा दिसतो, तो आपल्याच पोटाशी बघून हसतो. हिने मान थोडी मागच्या सीटकडे कलती ठेवली होती. ऐकायची, थांबायची, मग हसायची. मधेच स्वतः काहीतरी बोलायची, मग पुन्हा ऐकायची. आणि एकदा तिचे ओठ एक लहानसा शब्द बोलले. आवाज येणं शक्य नव्हतं, काम माझं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात ते ओठ मी वाचू शकतो.

"मग?"

गोष्ट पुढे सरकावी म्हणून म्हणतात ना, तसं. मला तिने शेवटचं "मग?" कधी म्हटलं होतं, ते उकिडवं बसल्या बसल्या आठवून पाहिलं. पाय सुन्न झाले, आठवलं नाही.

मी उठून सगळ्या काचांतून आत पाहिलं. मागची सीट रिकामी.

४

त्यानंतर ती दुपारची गाडीत जाऊन बसायला लागली. शेंगा सोलायला म्हणून परात घेऊन जायची, मोकळी परात मांडीवर ठेवून तासन् तास बसून राहायची. शांत वाटतं म्हणायची. मी खिडकीतून बघायचो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तोंडाने मात्र मी शीळ घालत असायचो, कारण जळतोय हे दिसलं तर माझीच थट्टा व्हायची, आणि थट्टा करायचा मक्ता या घरात माझा आहे.

पहिला संशय साडूवर गेला. साडू विमा विकतो. माणूस मरायच्या आधीच सांत्वनाला येऊन बसतो. आमच्या लग्नात याने पंगतीत एक विनोद केला होता आणि ही ठसका लागेपर्यंत हसली होती. ते मी विसरलेलो नाही. वाटलं, फोनवर तोच असणार. गाडीत बसून फोन, वा. मी पावलांचा आवाज न करता स्वयंपाकघरात गेलो. तिचा फोन फळीवर, चार्जिंगला. तरी मी साडूला फोन लावून पाहिला. त्याने उचलला, आणि पोटदुखीसाठी आता नवी पॉलिसी आहे असं सांगायला लागला. याला कोण कसं हसेल.

शेवटी संध्याकाळी ती वाटाणे सोलत असताना समोर जाऊन बसलो.

"कोण असतं गं गाडीत?"

"कोण असणार?"

"मग तू 'मग?' कुणाला म्हणतेस?"

तिने शेंग उकलली, दाणे परातीत पाडले. म्हणाली, "तुमची ती चोराची गोष्ट आहे ना, तिचा शेवट मला परवा पहिल्यांदा कळला."

मी परातीतले दोन वाटाणे उचलून तोंडात टाकले.

"चोर म्हणतो, अस्तर नीट लावून आणा. मागचा घोरतो ते पुढे ऐकू येतं." आणि ती हसली. माझ्यासमोर, माझ्याच गोष्टीला, डोळ्यांत पाणी येईतो. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तो मधे थांबतो हो. आधीच हसत नाही. आणि मी काही सांगायला लागले की ऐकून घेतो."

"तो म्हणजे कोण?"

"मी मागे वळून नाही बघत," ती म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

आता तुम्ही म्हणाल, हा म्हातारा घाबरला असेल. घाबरायला फुरसत कुठे होती? भूतबीत असतं तर मी समजून घेतलं असतं, त्यालाही कुठेतरी राहायला लागतंच. पण माझा विनोद, माझ्या बायकोला, माझ्या गाडीत, माझ्यापेक्षा बरा सांगायचा?

५

ती बहिणीकडे गेली त्या दुपारी मी गाडीत बसलो. तिच्याच सीटवर. दरवाजा ओढला: ठप. कानात दडा.

बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, शेजारच्या घराचं बांधकाम चालू होतं, लोखंड कापत होते. आत काही नाही. खिडकीतून कापणाऱ्याच्या ठिणग्या दिसत होत्या आणि आवाज शून्य. गार वाटत होतं. मी किती चांगला कारागीर आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि आवडलं नाही.

एवढ्या शांततेत माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो, घाबरू नका, ते तुमचंच आहे. मी स्वतःला तेच सांगितलं आणि चोराची गोष्ट सुरू केली. आज नीट सांगायची, मधे थांबायचं, हसायचं नाही. चोर परत दारात आला, आणि म्हणतो... आणि मला हसू फुटलं. माझं ते हसणं कुठेही न आपटता पायाशी पडलं. पडल्याचाही आवाज झाला नाही.

मग मागून श्वास घेतल्याचा आवाज आला.

घोरणं नव्हे, धाप नव्हे. बोलायला सुरुवात करायच्या आधी माणूस जेवढा श्वास घेतो, तेवढाच. आणि तो तिथेच थांबला. धरून ठेवला. दोघं गप्पा मारत असतात आणि नको असलेला तिसरा मधे येऊन बसतो, तेव्हा कसं होतं? अगदी तसं. माझ्याच गाडीत मी आगंतुक.

आरसा तिच्या उंचीला लावलेला होता. मला त्यात मागचं छत तेवढं दिसत होतं. सरळ करायला हात उचलायला हवा होता, तो उचलेना. छताचं कापड मागच्या सीटच्या वर किंचित खाली फुगलेलं होतं. मी बघत राहिलो, तसं ते हळूच वर गेलं आणि सपाट झालं.

उन्हाने चिकटा सुटतो. कापड लोंबतं. यात काही नाही, रोजचं आहे. पण गाडी सावलीत होती, आणि लोंबलेलं कापड आपणहून वर जात नाही.

मी उतरलो. दरवाजा लावून पाठ फिरवली आणि एवढ्यात मागे गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. वळलो. गाडी हलत होती. जोराने नाही, आत कुणी हसू दाबत बसलं की खांदे हलतात, तेवढीच.

ते माझ्या गोष्टीला हसणं नव्हतं. आपल्यावर कोण हसतंय, हे टवाळाला बरोबर कळतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी उचकटायला घेतली. ही दारात उभी राहिली. वाटलं होतं, अडवेल, रडेल, चार शब्द सुनावेल. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. ती नुसती बघत राहिली, आपली आगगाडी चुकणार नाही अशी खात्री असलेला माणूस स्टेशनात बसतो तशी. तिचं हे निवांत राहणं मला सगळ्यात जास्त झोंबलं.

दरवाजे झाले, तळ झाला. छताशी आलो. मागच्या सीटच्या वरची शीट मी पत्र्यापासून ओढली, ती चर्र करून सुटली आणि उलटी माझ्या हातात आली. चिकट्यावर पत्र्याच्या पन्हाळ्यांचे ठसे उमटतात, ते होते. आणि त्यांच्या मधे एक कान उमटला होता.

पाळी, वळी, मधला खळगा, सगळं स्वच्छ.

लगेच डोकं चालवलं. छताचं काम करताना दोन्ही हातांत रोलर असतो, तेव्हा शीट डोक्याने वर दाबून धरतात, आम्ही सगळेच धरतो. म्हणजे माझाच कान. सुटलो. मग लक्षात आलं, डोकं टेकतं ते चंदेरी अंगाला. काळं अंग पत्र्याकडे असतं. हा कान उमटायचा तर तो पत्रा आणि शीट यांच्या मधे असायला हवा. भिंतीला कान असतात हे ऐकून होतो; पत्र्याला असतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

किंवा लावायच्या आधी चिकट्यावरचा आवरणाचा कागद सोलताना कान लागला असेल. असेल, का नसेल? शहानिशा करायला मी माझा कान त्यात लावून पाहिला. हसा, हसा, मीही हसलो असतो.

तंतोतंत बसला.

चिकटा गार होता. आणि शिंपल्याला कान लावल्यावर येतो तसा, लांबून, बारीक, आतून तिचा आवाज आला. "मग?"

मी मान झटकून वर पाहिलं. ही दारात नव्हती. घराचं दार हळूच लागत होतं.

मी शीटचा बोळा केला आणि उरलेलं सगळं नखांनी ओरबाडलं. दुपार टळेपर्यंत गाडी पार नागडी केली. मग पेराने वाजवून पाहिली. बॉनेट टण्ण, छत टण्ण, दरवाजा टण्ण. देखणी वाजत होती. मी गाडीभोवती फिरत ती वाजवत राहिलो. जिंकलो म्हटलं. आता बोल म्हणावं, कुठे बसून बोलतोस ते.

तो प्रश्न मी जरा आधी विचारायला हवा होता.

७

दिवेलागणीला अंगणातल्या नळावर हात धुतले. काळा चिकटा निघता निघत नाही. घरात तेल असतं, म्हणून दाराशी गेलो.

आमचं दार लाकडी, फुगलेलं, बिजागरी बोंबलणारी. लावताना असं आपटतं की साडूच्या विम्याची आठवण यावी. मी ते ढकललं, ते हललं नाही. मूठ मारली.

ठप.

पुन्हा मारली. ठप. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. त्यात खाली फोम आहे, त्याखाली शीट आहे, आणि हवेचा एकही फुगा नाही.

मी खिडकीशी गेलो. काच बंद, आत दिवा. ही टेबलाशी बसली होती, समोर दोन कप, दोन्हींतून वाफ निघत होती. समोरची खुर्ची माझी. तिची उंच पाठ खिडकीकडे असते, म्हणून खुर्चीत काय आहे ते दिसेना. पाठीच्या कडेवरून फक्त एक कान दिसत होता. त्यावर दिव्याचा उजेड पडला होता. पाळीला काळं लागलेलं होतं.

ही बोलत होती. खूप बोलत होती. हात हलवत, मधेच थांबून, कपाळावरची बट मागे सारत. इतकं ती मला कधी बोलली असेल, तर मी मधेच काहीतरी बोललो असेन. कान हलत नव्हता. ऐकून घेत होता.

मग तिचं बोलणं संपलं, तिने हनुवटी तळहातावर ठेवली आणि तिचे ओठ म्हणाले, "मग?"

मी काचेवर दोन्ही हात टेकले आणि चोराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ओरडून. माणसाने अस्तर लावलं, मागे झोपला, चोराने गाडी पळवली. दुसऱ्या दिवशी चोर गाडी घेऊन परत दारात. आणि म्हणतो... आणि मी थांबलो. देवाशपथ थांबलो. हसू आलंच नाही. श्वास घेतला, जेवढा घ्यायचा असतो तेवढाच, आणि शेवटचं वाक्य असं सांगितलं की जन्मात तसं सांगितलं नव्हतं. एक अक्षर सांडलं नाही.

तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. गाडीत बसून इतकी वर्षं पाहिलं तसं, दगडासारखं, प्रामाणिकपणे, कान देऊन. थोडा वेळ वाट पाहिली.

मग तिने अंगठा वर केला.

हल्ली मी दुकानात पडून असतो. बोलून काही होत नाही, हे पाहिलंत. पण लिहिलेलं काचेतून दिसतं, म्हणून हा कागद. उद्या दिवा लागला की खिडकीला लावणार आहे, अक्षर मोठं काढलंय. ती वाचेल. चष्म्याशिवाय तिला हळूहळू वाचावं लागतं, ओठ हलवत. तेवढ्या वेळात त्या खुर्चीतल्याने शेवट आधीच सांगून टाकू नये, एवढीच धाकधूक आहे.